लांबट कणांची वाट

चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या पट्ट्यात इंजिन, ब्रेक किंवा इंधनयंत्रणेचे सुटे भाग बनवणाऱ्या अनेक कारखान्यांत शॉपच्या एका कडेला काचेची छोटी खोली असते. बाहेर सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांचा घरघराट, कूलंटचा ओशट वास, जॉबच्या ट्रॉल्यांची ये-जा. आत एसी, पांढरे कोट, व्हॅक्यूम पंप, काचेची फनेल, छोटं ओव्हन, काचेच्या पेटीतला नाजूक तराजू आणि मायक्रोस्कोप. या खोलीत होणाऱ्या चाचणीला सगळे ‘मिलिपोर’ म्हणतात. फिल्टरचा कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव चाचणीलाच चिकटलं आहे. ‘लॉट लोड करू का?’ ‘थांब, मिलिपोर येऊ दे,’ हा संवाद डिस्पॅचच्या घाईत रोज कुठेतरी होत असतो.

चाचणी तशी सरळ आहे. धुऊन तयार झालेला जॉब घ्यायचा. त्याची भोकं, खाचा, आतल्या तेलाच्या वाटा स्वच्छ सॉल्व्हंटच्या धारेखाली धुवायच्या. खाली जमलेला द्रव ४७ मिलिमीटर व्यासाच्या फिल्टर कागदातून पंपाने ओढून घ्यायचा. कागद ओव्हनमध्ये वाळवायचा आणि तोलायचा. कोऱ्या कागदापेक्षा वजन जेवढं वाढलं तेवढा कचरा त्या जॉबमध्ये उरला होता. मग तोच कागद मायक्रोस्कोपखाली जातो.

कागदावरचं ते दृश्य एकदा तरी बघावं असं आहे. काळपट, ओबडधोबड दाणे दिसतात. ते ग्राइंडिंगच्या चाकाचे किंवा साध्या धुळीचे. मधूनच ॲल्युमिनियमची कुरळी, चमकणारी चिप दिसते. कागदाला चिकटून पडलेले पातळ पापुद्रे असतात. एखादा निळसर, वळसे घेत गेलेला धागा असतो; तो कुणाच्या तरी हातमोज्याचा किंवा कॉटन वेस्टचा. मायक्रोस्कोपचं पोलरायझर फिरवलं की काही कणांची चमक पार विझते. ते धातूचे. बाकीच्यांना त्या फिरवण्याने विशेष फरक पडत नाही. सॉफ्टवेअर सगळे कण मोजतं, लांबीप्रमाणे गटांत टाकतं आणि शेवटी रिपोर्टात एक ओळ येते: सर्वांत मोठा कण इतके मायक्रॉन. ड्रॉइंगवरच्या मर्यादेच्या आत असेल तर लॉट सुटतो.

माझं म्हणणं या एका ओळीबद्दल आहे. कण किती मोठा हे सांगणारा एकच आकडा त्या कणाचं पुढे काय होईल ते सांगत नाही. तो कुठल्या वाटेने जाईल, फिल्टर त्याला अडवेल की नाही, तो कुठे जाऊन बसेल, हे ठरतं ते तो गोल आहे, लांबट आहे की चपटा आहे यावरून. आणि द्रवाची वाट जितकी अरुंद, तितकी आकाराची ही सत्ता वाढत जाते.

आधी वजनाचं बघू. समजा, पोलादाचे दोन कण आहेत. एक २०० मायक्रॉन व्यासाची गोळी. दुसरी २०० मायक्रॉन लांबीचीच सळी, पण रुंदी आणि जाडी फक्त २० मायक्रॉन. रिपोर्टात दोघांचं माप सारखंच, २००. पण गोळीचं वजन सळीच्या पन्नास पटींहून जास्त भरतं. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वाचणाऱ्या तराजूला अशा तीन-चार गोळ्या जाणवतील. सळ्या मात्र दीडशेच्या वर असल्याशिवाय काटा हलणार नाही. म्हणजे तराजूला जी दिसतच नाही तीच वस्तू पुढे सर्वांत लांब पोचते.

या सळ्या येतात कुठून? एक भोक आत जाऊन दुसऱ्या भोकाला मिळतं, तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूची कड उलटी वळते आणि दातेरी पापुद्र्यासारखी लटकत राहते. हाच बर. भोसरी-तळवड्याच्या लहान वर्कशॉपपासून मोठ्या कारखान्यांपर्यंत बर काढण्यावर जेवढा वेळ, पैसा आणि डोकं खर्च होतं तेवढं बाहेरच्या माणसाला पटणार नाही. ब्रशने काढतात, दाबाच्या पाण्याने उडवतात, तर कधी जॉब बंद पेटीत ठेवून वायूंचं मिश्रण क्षणभर पेटवतात, म्हणजे पातळ कडा तेवढ्या जळून जातात आणि मुख्य धातूला काही होत नाही. एवढं करूनही एखादा बर अर्धवट धरून राहतो आणि गाडी रस्त्यावर आल्यावर तुटतो. तुटतो तेव्हा तो जवळजवळ कधीच गोल नसतो. त्याची सळी, पट्टी किंवा कुरळी चिप झालेली असते.

वॉशिंग मशीनमधून तो निघून का जात नाही, याचं उत्तरही आकारातच आहे. कुठल्याही वाहत्या द्रवाचा भिंतीला अगदी लागून असलेला थर स्थिर असतो आणि भिंतीपासून दूर जावं तसा वेग वाढतो. गोल दाणा भिंतीवर बसला असेल तर त्याचा माथा वेगाच्या प्रवाहात डोकावतो आणि प्रवाह त्याला उचलतो. पाच मायक्रॉन जाडीचा पापुद्रा मात्र भिंतीवर पालथा पडलेला असतो आणि सगळाच्या सगळा त्या मंद थरात असतो. वरून धार कितीही जोरात जाऊ द्या, त्याच्यापर्यंत तिचा जोर पोचत नाही. त्यात तेलाचा थर असला तर तो चिकटूनच बसतो. म्हणून नुसता दाब वाढवून भागत नाही. धार उलटसुलट द्यावी लागते, जॉब हलवावा लागतो, अल्ट्रासॉनिकची कंपनं लागतात.

आता हे कण जिथे जाऊन त्रास देतात त्या जागा बघू. नाशिकला सातपूरमध्ये बॉशचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी ‘मायको’चा कारखाना डिझेलची नॉझल आणि इंजेक्टर बनवतो. चाकण-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्या आजच्या डिझेल गाडीत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी असते आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत तिच्यातला दाब २,००० बारपर्यंत जातो. इंजेक्टरमधली सुई तिच्या मार्गदर्शक नळीत सरकते, ती दोघांमध्ये दोन ते चार मायक्रॉनची फट ठेवून. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ही फट केसाच्या विसाव्या भागाएवढी. त्याच इंजेक्टरच्या टोकाला फवाऱ्याची भोकं असतात, साधारण १०० ते १५० मायक्रॉनची.

या दोन वाटांमध्ये द्रव अगदी वेगळा वागतो. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की ठरावीक मर्यादेपर्यंत ही धार सरळ रेघेसारखी जाते आणि तिच्यापुढे एकदम विस्कटते. ही मर्यादा वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा दाटपणा यांच्यातून निघणाऱ्या एका आकड्याने ठरते. त्याला आता रेनॉल्ड्स अंक म्हणतात. तो मोठा असेल तर द्रवाचा स्वतःचा रेटा जिंकतो आणि भोवरे उठतात. तो लहान असेल तर दाटपणा जिंकतो आणि प्रवाह शिस्तीत थराथराने सरकतो.

इंजेक्टरचा हिशोब करून बघता येतो. तीन मायक्रॉनची फट, २० मिलिमीटर लांबी आणि दोन टोकांमध्ये १,००० बारचा फरक धरला, तर फटीतून गळणाऱ्या डिझेलचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास येतो आणि रेनॉल्ड्स अंक जेमतेम एक. दाबाखाली डिझेल दाट होतं आणि फटही थोडी फाकते, त्यामुळे आकडा ढोबळ आहे. पण तो हजारांत जाणार नाही हे नक्की. फवाऱ्याच्या भोकातून मात्र डिझेल सेकंदाला काहीशे मीटर वेगाने सुटतं आणि तिथे हाच अंक दहा हजारांच्या वर जातो. बोटभर लांबीच्या एकाच वस्तूत एका ठिकाणी खवळलेला प्रवाह आणि दुसऱ्या ठिकाणी अतिशय संथ शिस्तीचा प्रवाह. प्रयोगशाळेत काचेच्या किंवा रबरासारख्या पारदर्शक पट्टीवर कोरलेल्या सूक्ष्म वाटांना मायक्रोफ्लुइडिक चॅनेल म्हणतात. सुईची ही फट तशाच चॅनेलच्या जातीची आहे, फक्त पोलादात कोरलेली आणि भयंकर दाबाखालची.

अशा शिस्तीच्या प्रवाहात लांबट कण काय करतो, याचं गणित १९२२ मध्ये जॉर्ज बार्कर जेफरी या इंग्लिश गणितज्ञाने मांडलं. फटीत मधला द्रव वेगात आणि भिंतीजवळचा मंद, म्हणजे कणाच्या एका बाजूला जास्त ओढ आणि दुसऱ्या बाजूला कमी. लाडू वळताना एक तळहात पुढे जातो, दुसरा मागे राहतो आणि मधली गोळी फिरते, तसा कण वाहता वाहता स्वतःभोवती फिरत राहतो. गोळी असेल तर ती एकाच गतीने फिरते. सळीचं तसं नाही. ती प्रवाहाला आडवी असते तेव्हा तिची दोन टोकं वेगवेगळ्या वेगाच्या थरांत असतात, म्हणून ती झपकन फिरते. प्रवाहाच्या दिशेला आली की सगळी एकाच थरात येते, तिला फिरवणारा जोर जवळपास संपतो आणि ती तशीच रेंगाळते. मग हळूहळू थोडी कलते, पुन्हा झपकन कोलांटी घेते आणि पुन्हा प्रवाहाच्या दिशेला येऊन रेंगाळते.

जेफरींच्या सूत्रात आकडे घातले की हे किती टोकाचं आहे ते कळतं. जाडीच्या दहापट लांब सळी आडवी असताना ज्या गतीने फिरते, ती प्रवाहाला समांतर असतानाच्या गतीच्या शंभर पट असते. प्रवाहाच्या दिशेपासून दहा अंशांच्या आत ती एकूण वेळेच्या दोन तृतीयांश काळ असते. चपट्या चकतीचंही असंच, फक्त ती आपली पाठ थरांना समांतर ठेवून तरंगत राहते. दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी सोडियम सिलिकेटच्या दाट द्रावणात लंबगोल कण सोडून, भोवतालचं नळकांडं फिरवून हे प्रत्यक्ष पाहिलं. टेलर हे द्रवांचं गणित करणारे आणि तेवढ्याच आवडीने हातांनी प्रयोग करणारे शास्त्रज्ञ होते. भिंती कणाच्या अगदी जवळ आल्या की जेफरींचं सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही, पण लांबट कण बहुतेक वेळ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून असतो हे मुख्य सूत्र टिकतं.

कारखान्याच्या दृष्टीने खरी अडचण इथे सुरू होते. जाळीचं किंवा भोकाचं तोंड येतं तिथे प्रवाह आकसतो आणि ताणला जातो. ताणला जाणारा प्रवाह सळीला ताणाच्या दिशेला, म्हणजे नेमकी भोकाच्या दिशेला वळवतो. २०० मायक्रॉन लांब आणि २० मायक्रॉन जाड सळी २५ मायक्रॉनच्या जाळीतून टोकाने आरामात निघून जाते. २०० मायक्रॉनचा दाणा त्याच जाळीवर अडकतो. फट असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. दोन मायक्रॉन जाडीचा पापुद्रा १५ मायक्रॉन रुंद असला तरी तीन मायक्रॉनच्या फटीत आडवा पडून शिरतो, कारण प्रवाहानेच त्याला तसं पालथं करून आणलेलं असतं. फटीतून जायला कणाचं सर्वांत लहान माप पुरतं, गोल भोकातून जायला मधलं माप, आणि आत गेल्यावर कोपऱ्यात अडकायला सर्वांत मोठं माप. रिपोर्टातली ओळ यांतलं फक्त तिसरं सांगते.

आत शिरलेला पापुद्रा मग काय करतो? फटीच्या मापाला जवळजवळ बरोबरीने येणारा कठीण कण सर्वांत वाईट, हे झिजेचा अभ्यास करणारे कधीचे सांगत आले आहेत. फार मोठा कण आत येतच नाही, फार लहान कण न शिवता निघून जातो, मधला मात्र दोन्ही भिंतींना ओरबाडत जातो. सुई एकदा ओरबाडली की फट वाढते. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण फटीतला प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. मग इंजिन जड सुरू होतं, धूर येतो, मायलेज पडतं आणि गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते.

मग फिल्टर कशाला आहेत, असं कुणी विचारेल. फिल्टर उत्तम काम करतात, पण त्यांची परीक्षा कोणत्या कणांवर झाली आहे तेही बघायला हवं. इंधन आणि तेलाच्या फिल्टरच्या चाचण्यांत वापरतात ती धूळ आयएसओ १२१०३ या मानकाची, मुळात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली. ती बहुतांश सिलिकाची. दाणे वेडेवाकडे असतात, पण ठोकळ्यासारखे असतात. लांबी आणि जाडीत दहापट फरक नसतो. रस्त्यावरच्या धुळीसाठी ही परीक्षा योग्यच आहे. बर तुटून आलेल्या सळीसाठी मात्र तिचा निकाल जसाच्या तसा मानता येत नाही. तंतूंचा जाड थर असलेला कागदी फिल्टर इथे साध्या जाळीपेक्षा बरा, कारण त्यातली वाट नागमोडी असते आणि सळीला प्रत्येक वळणावर वळावं लागतं. एखाद्या वळणावर तिचं टोक तंतूला टेकतंच. जाळीत वळणच नाही. काही इंजेक्टरांच्या तोंडाशी शेवटचा पहारेकरी म्हणून एज फिल्टर बसवतात, पण तो मुळात अरुंद फटच असतो, त्यामुळे त्याच्याही हातून पापुद्रे निसटू शकतात. म्हणून फिल्टरच्या पुढच्या बाजूला बसणारे पाइप, रेल आणि इंजेक्टर बॉडी यांची स्वच्छता मुळातच जपावी लागते. फिल्टरच्या पलीकडे जन्मलेल्या कणाला अडवणारं पुढे भरवशाचं कुणी नसतं.

हे गांभीर्य नियमांतही हळूहळू उतरलं. जर्मन वाहनउद्योगाच्या व्हीडीए १९ या नियमावलीच्या वाटेने २००७ मध्ये आयएसओ १६२३२ हे मानक आलं आणि २०१८ मध्ये ते सुधारलं गेलं. फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ २००९ मध्ये चाकणला आल्या, तोवर ही भाषा जर्मनीत रुळली होती. त्या मानकातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: धाग्यांना कणांपासून वेगळं काढलं आहे. लांबी जाडीच्या २० पटींहून जास्त आणि जाडी ५० मायक्रॉनच्या आत असेल तर तो धागा. त्याची मोजणी वेगळी. याचं कारण पुन्हा प्रवाहातल्या वागण्यातच आहे. कापडाचा धागा सळीसारखा ताठ राहत नाही. थरांच्या ओढीखाली तो वाकतो, गुंडाळला जातो, कधी गाठ होऊन बसतो. एक मिलिमीटरचा धागा सुईला ओरखडा काढणार नाही, पण बारीक भोकाच्या तोंडाशी आडवा पडून मागून येणाऱ्या दाण्यांना अडवणारी जाळी मात्र बनवेल. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये साधं फडकं चालत नाही, धागे न सोडणारं कापडच लागतं. शॉपवर खिशात कोंबलेला कॉटन वेस्टचा गोळा बघितला की क्वालिटीवाला ओरडतो, ते योग्यच करतो.

मोजणीच्या इतिहासातही आकाराने असाच घोळ घातला होता. तेलातले कण मोजणारी यंत्रं पूर्वी ज्या प्रमाणधुळीवर जुळवली जात, तिच्या कणांचं माप सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची सर्वांत जास्त लांबी बघून ठरवलं होतं. यंत्र मात्र कणाने प्रकाश किती अडवला, म्हणजे त्याची सावली केवढी, ते बघतं. लांबी आणि सावलीचं क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी. १९९९ मध्ये पद्धत बदलली आणि माप ठरू लागलं ते कणाच्या सावलीएवढं क्षेत्र असलेल्या वर्तुळाच्या व्यासाने. त्या बदलात जुने १५ मायक्रॉन नव्या मापात १४ झाले. खालच्या टोकाला उलटं झालं, जुने ५ नवे ६ झाले, कारण जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या नजरेतून अगदी बारीक कण सुटत असत. आज डिझेलची स्वच्छता १८/१६/१३ अशा तीन आकड्यांत सांगतात. ते आकडे म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, याचे गट. १३चा अर्थ १४ मायक्रॉनच्या वरचे ४० ते ८० कण. यात सळी आणि दाणा वेगळे ओळखले जात नाहीत. दोघांची सावली सारखी असली की दोघेही एकाच खणात.

रक्त तपासणाऱ्यांनी ही अडचण फार सुंदर सोडवली आहे. आपली लाल पेशी म्हणजे मधे दबलेली चकती, सुमारे आठ मायक्रॉन रुंद आणि दोन मायक्रॉन जाड. यंत्रातल्या बारीक धारेतून जाताना ती उभी आली की एक संकेत आणि आडवी आली की दुसरा, तर तिचं घनफळ मोजायचं कसं? म्हणून लेझरवर चालणाऱ्या काही यंत्रांत आधी रसायन घालून पेशींचं घनफळ न बदलता त्यांची गोळी करून घेतात. गोळी कशीही वळली तरी तिची सावली तीच. पोलादाच्या चिपला असं गोल करता येत नाही, ही आमची अडचण. शरीरात मात्र त्या चकतीचा लवचीकपणाच कामाचा असतो. तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून ती दुमडून निघून जाते. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये हीच पेशी विळ्यासारखी लांब आणि ताठ होते आणि मग त्याच वाहिन्यांत अडकते. वेदनेचे झटके येतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

पिंपरीला या विषयाचा आणखी जुना शेजार आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. एचए कॉलनी आजही तिथेच आहे. पेनिसिलिन देणारी बुरशी टाकीत वाढते ती दोन रूपांत: सुटे, फांद्या फुटलेले लांब तंतू किंवा त्यांच्याच गुंतून झालेल्या गोळ्या. बुरशी तेवढीच असली तरी तंतूंच्या रूपात टाकीतला द्रव खिरीसारखा दाट होतो, ढवळायला जास्त वीज लागते आणि हवेचा प्राणवायू आत पोचवणं अवघड जातं. गोळ्यांच्या रूपात द्रव पातळ राहतो, पण गोळीच्या गाभ्यातल्या बुरशीला प्राणवायू कमी पडतो. तंतूंसारख्या लांबट सळ्या आपल्या जागेभोवती कोलांट्या घेतात, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतात आणि द्रवाला जास्त विरोध करतात. जेफरींच्या त्याच निबंधात याचंही गणित आहे. पेनिसिलिनच्या जगभरच्या टाक्यांना हा पेच पडत आला आहे.

आतापर्यंत आकार त्रासच देताना दिसला. त्याचा उपयोगही करून घेता येतो. १९६१ मध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोघांनी पाहिलं की नळीतून हळू वाहणाऱ्या द्रवातल्या गोळ्या आपोआप एका कड्यात जमतात, मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे सहा दशांश अंतरावर. हे रेनॉल्ड्स अंक थोडा वाढल्यावर होतं. तो अगदीच लहान असेल तर एकटी गोळी सोडल्या जागेच्या रेघेवरच वाहत राहते, तिला बाजूला सरकवणारं काही नसतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या उस्पल, एरल आणि डॉयल यांनी या संथ प्रवाहातही कणाला वाट दाखवली, ती केवळ त्याच्या आकाराने. त्यांनी उथळ चॅनेलमध्ये अतिनील प्रकाशाने द्रवातूनच कण घडवले: एक मोठी चकती आणि एक लहान, मधे दांडी. चॅनेल इतकं उथळ की कण छत आणि तळाला जवळजवळ टेकतो, त्यांच्या घर्षणाने द्रवापेक्षा मागे पडतो आणि द्रव त्याला वळसा घालून जातो. या वळशाचा धक्का दोन चकत्यांना असमान बसतो. परिणामी कण वळत वळत, तिरका सरकत शेवटी चॅनेलच्या मध्यावर येतो आणि प्रवाहाशी सरळ रेषेत स्थिरावतो. सारख्या चकत्यांची जोडी अशी स्थिरावत नाही. चुंबक नाही, वीज नाही, बाहेरून ढकलणं नाही. कणाच्या घडणीतच त्याची वाट लिहिलेली. पेशी एका रांगेत आणून तपासायच्या असतील तर या कल्पनेचं मोल मोठं आहे.

आपल्या मिलिपोरच्या खोलीत मात्र कणाचा आकार आपल्याला निवडता येत नाही, तो फक्त ओळखता येतो. आणि तिथेच कागद एक गोष्ट लपवतो. पंपाने ओढल्यावर प्रत्येक कण आपल्या सर्वांत रुंद पाठीवर पडतो. कॅमेरा वरून बघतो, म्हणून त्याला कणाची लांबी आणि रुंदी दिसते, म्हणजे तीनपैकी मोठी दोन मापं. सर्वांत लहान माप, जाडी, कागदाकडे तोंड करून झाकलेली राहते. आणि फटीत शिरणं तर तिच्यावरच ठरतं. लांबीबरोबर रुंदीही रिपोर्टात मागता येते, बहुतेक सॉफ्टवेअर ती देतं, आणि ती मागावी असं मी प्रत्येक ग्राहकाला आणि पुरवठादाराला सुचवेन. जाडीसाठी मायक्रोस्कोपचा फोकस आधी कणाच्या माथ्यावर जुळवायचा, मग शेजारच्या कागदावर, आणि दोन्ही वेळा मंच किती वर-खाली झाला ते वाचायचं. वेळखाऊ काम आहे, म्हणून ते सगळ्या कणांवर कुणी करत नाही. चमक विझणारे, म्हणजे धातूचे, सर्वांत लांब चार-पाच कण तेवढे निवडून करतात.